शिकाऊ चालक आणि त्याची परीक्षा : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

(१) विषयप्रवेश

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन तालुके. भीमा आणि नीरा या नद्यांचा संगम जेथे होतो ते नीरा नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्याचे अखेरचे टोक होय. इतिहासाच्या अभ्यासकांस इंदापूर परिचित आहे ते मालोजीराजे भोसले यांच्या मृत्यूमुळे, आणि बारामती परिचित आहे ती कऱ्हेकाठच्या मोरोपंतांमुळे. तथापि गेल्या शंभर वर्षांत या भूभागातील सामान्य माणसाच्या जीवनात जी स्थित्यंतरे घडली, त्यांचा माग राजकीय इतिहासाच्या साधनांत सहसा सापडत नाही. तो लहानसहान कागदपत्रांत शोधावा लागतो. मोटार चालविण्याचा परवाना हा अशाच कागदांपैकी एक आहे.

या परवान्यासंबंधी मराठी बोलीत रूढ झालेला शब्दप्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. परवाना ‘काढला’ असे म्हणतात. सातबाराचा उतारा काढतात, जातीचा दाखला काढतात, तसेच ‘लायसन काढतात’. उलट विद्यापीठाची पदवी कोणी काढीत नाही. तिच्यासाठी परीक्षा ‘देतात’ व तीत ‘उत्तीर्ण होतात’. वास्तविक परवान्याच्या आधीही कायद्याने एक परीक्षा सांगितलेली आहे, आणि तिच्यात अनुत्तीर्ण होणाऱ्यास परवाना देऊ नये असा स्पष्ट आदेश आहे. मग परीक्षेने मिळणारी ही वस्तू लोकभाषेत ‘काढण्याची’ वस्तू का झाली? कायद्याला अभिप्रेत असलेली परीक्षा आणि लोकांनी प्रत्यक्षात घेतलेले शिक्षण या दोहोंमध्ये जे अंतर राहिले, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रस्तुत लेखात या अंतराचा इतिहास उपरोक्त दोन तालुक्यांच्या संदर्भात पाहावयाचा आहे.

(२) परवाना आधी, परीक्षा नंतर

मोटारीचा परवाना आणि चालनाची परीक्षा या दोन गोष्टी आज अविभाज्य वाटतात. परंतु त्यांचा जन्म एकाच वेळी झालेला नाही. पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ साली मोटारचालकाकडून योग्यतेचे प्रमाणपत्र मागण्यास आरंभ केला, आणि प्रशियामध्ये १९०३ साली परीक्षा सक्तीची झाली. इंग्लंडने मात्र निराळा मार्ग पत्करला. तेथील १९०३ च्या मोटारकार कायद्याने परवाना आवश्यक केला, पण त्यासाठी कोणतीही परीक्षा ठेवली नाही. पाच शिलिंग भरले आणि वय सतरा वर्षे पूर्ण असले की परवाना मिळे. परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून. म्हणजे परवाना आल्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर. त्या तीस वर्षांत इंग्रज माणूसही परवाना ‘काढीतच’ होता असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानातील कायदा इंग्लंडच्या मागोमाग चालला. मुंबई इलाख्यात १९०४ साली मोटार वाहनांसंबंधीचा पहिला कायदा झाला. पुढे १९१४ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होणारा कायदा संमत झाला. त्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस मोटार चालविण्याची मनाई केली, चालकाजवळ परवाना असणे आवश्यक ठरविले आणि तपशील प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपविला. त्या काळी मोटार ही संस्थानिक, बडे अधिकारी, व्यापारी आणि डॉक्टर यांच्यापुरती मर्यादित होती. मालक मागे बसे आणि पगारी चालक पुढे. चालकाची पारख करण्याचे काम कायद्यापेक्षा मालकाच्या विश्वासावरच अधिक चाले.

खरा बदल झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने. या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात चालनाच्या योग्यतेची कसोटी कलमवार दिलेली होती. यंत्र सुरू करणे. गाडी सरळ किंवा कोन करून पुढे नेणे. इतर वाहनांस ओलांडणे व त्यांस वाट देणे. डावे-उजवे वळण यथायोग्य घेणे. आणीबाणीच्या प्रसंगी व एरव्हीही गाडी थांबविणे. मागे घेत घेत अरुंद जागेत शिरणे. पुढच्या व मागच्या गतीचा उपयोग करून गाडीचे तोंड फिरविणे. आणि योग्य वेळी निःसंदिग्ध इशारे देणे, अशी ती यादी होती. चार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये सक्तीच्या झालेल्या परीक्षेची छाप तिच्यावर स्पष्ट दिसते. ही यादी ज्यांच्या डोळ्यांसमोर तयार झाली ते रस्ते कडेला फरसबंदी असलेले, कोपऱ्या-कोपऱ्यांवर पोलीस उभा असलेले, नगरांतले रस्ते होते. निंबाच्या झाडाखालून जाणारी, एका बाजूस ऊस व दुसऱ्या बाजूस कालवा असलेली वाट तिच्या कर्त्यांच्या मनात असण्याचा संभव नाही.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. १९३९ च्या कायद्यात ‘शिकणाऱ्या’ माणसास स्वतंत्र स्थान नव्हते. परवान्याशिवाय कोणी गाडी चालवू नये, हा नियम. आणि शिक्षण घेणाऱ्यास हा नियम कोणत्या अटींवर लागू होणार नाही ते सरकारने ठरवावे, हा अपवाद. शिकाऊ चालक हा कायद्याच्या दृष्टीने अपवादापुरता अस्तित्वात होता.

(३) कालवा, लोहमार्ग आणि कारखाना

बारामती-इंदापूरचा भूभाग मुळात पर्जन्यछायेतील. त्याचे रूप बदलले ते नीरा डाव्या कालव्याने. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर हाती घेतलेल्या या कालव्यातून १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले, आणि भाटघरच्या जलाशयाने त्यास पाठबळ दिले. ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस आला. १९१४ साली दौंड-बारामती हा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला व बारामतीची गूळपेठ दूरच्या बाजारांशी जोडली गेली.

या विषयाच्या दृष्टीने त्यानंतरची सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे इंदापूर तालुक्यातील कळंब येथे शेठ वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली ऊसशेती व साखर कारखाना. १९३० नंतरच्या दशकात तेथे जे कारखान्याचे गाव वसले ते वालचंदनगर. ज्या उद्योगपतीने इंदापूरच्या माळावर ऊस आणि यंत्र यांची सांगड घातली, त्यानेच पुढे १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारनिर्मितीची कंपनी स्थापन केली. भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासात या दोन उपक्रमांचा उल्लेख वेगवेगळ्या प्रकरणांत येतो. परंतु या प्रदेशाच्या दृष्टीने ते एकाच हाताचे काम आहे. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि ऊस वाहून नेण्याची निकड वर्षागणिक वाढत गेली.

प्रवासी वाहतुकीचे चित्रही याच काळात पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी धावली, आणि हळूहळू ‘एस्‌.टी.’ गावोगाव पोहोचली. खाकी गणवेशातील एस्‌.टी.चा चालक हा ग्रामीण महाराष्ट्राने पाहिलेला पहिला रीतसर परीक्षा दिलेला चालक होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याच्या नोकरीस वेतन होते आणि तिला प्रतिष्ठाही होती. शेतीवर भागत नाही अशा घरातील तरुणास ‘एस्‌.टी.त ड्रायव्हर’ होणे हे एक स्थिर जीवनाचे साध्य वाटू लागले. परवाना हा येथे प्रथमच उपजीविकेचे साधन झाला.

(४) वस्तादाची शाळा

रीतसर मोटार प्रशिक्षण शाळा तालुक्याच्या गावी रुजण्यापूर्वी चालनाचे शिक्षण कसे होई, हे पाहणे आवश्यक आहे. मालमोटारीवर चालकाखेरीज एक क्लीनर असे. गाडी धुणे, चाकाखाली दगड लावणे, माल बांधणे, रात्री जागणे ही त्याची कामे. मालमोटारीचे सुकाणू हाती येण्यास त्याला वर्षे लागत. प्रथम उभ्या गाडीत गिअरची जागा ओळखावयाची. मग तळावर गाडी दोन हात पुढे, दोन हात मागे घ्यावयाची. आणि मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, चालक शेजारी बसलेला असताना, मैल-दोन मैल चालवावयाची. हे शिक्षण कुस्तीच्या तालमीतील शिक्षणासारखे होते. पुस्तक नव्हते, तास नव्हता. वस्ताद होता आणि त्याची मर्जी होती.

या पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. जुन्या गाड्यांतील गिअरच्या दात्यांचा मेळ आपोआप बसत नसे. क्लच दोनदा दाबून, यंत्राचा आवाज कानाने ओळखून तो बसवावा लागे. हे ज्ञान तोंडी नियमांतून येणारे नव्हे. भाराने भरलेली गाडी केव्हा दाबावयाची व केव्हा सोडावयाची, चिखलात रुतलेले चाक कसे काढावयाचे, हे सारे सहवासानेच कळे. परंतु तिचे दोषही तितकेच ठळक होते. वस्तादाच्या सवयी शिष्यात जशाच्या तशा उतरत. वस्ताद आरसा पाहत नसेल तर शिष्यही पाहत नसे. रात्री समोरून गाडी आली असता दिव्याची झोत खाली करण्याची रीत वस्तादास नसेल तर ती शिष्यासही येत नसे. चूक परंपरेने चाले, आणि ती चूक आहे हे सांगणारा त्रयस्थ मध्ये कोणी नसे.

शेतीतील शिक्षणाचा प्रकार याहूनही निराळा. ट्रॅक्टर शेतात आला तेव्हा तो घरचाच झाला. नांगराच्या मुठीला हात लावणारा मुलगा ट्रॅक्टरच्या सुकाणूलाही हात लावू लागला. शेतात परवान्याचा प्रश्न उद्‍भवत नाही, कारण कायद्याचा रोख सार्वजनिक जागेवर आहे. पण शेत आणि सार्वजनिक रस्ता यांच्यामध्ये बांधापलीकडे काहीच नसते. ऊस भरला की ट्रॅक्टर बांधावरून रस्त्यावर येतो, आणि शेतात ज्याला ‘गाडी येते’ तो त्या क्षणी रस्त्यावरचा चालक ठरतो. या बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे माणूस तोच, कौशल्य तेच. बदलते ती केवळ इतरांविषयीची जबाबदारी. परीक्षेचा जन्म नेमका या जबाबदारीसाठी झालेला आहे, आणि घरच्या शिक्षणात नेमकी तीच शिकविली जात नाही.

(५) शिकाऊ चालकास कायद्यात स्थान

१ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शिकाऊ चालकास अपवादातून बाहेर काढून व्याख्येत बसविले. ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ हा स्वतंत्र दस्तऐवज झाला. ती सहा महिने चालते. आणि ती मिळाल्यापासून किमान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या अनुज्ञप्तीच्या परीक्षेस बसता येत नाही. लोक यांस ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ लायसन म्हणतात. मडक्याच्या भट्टीची आठवण करून देणारे हे शब्द कायद्याच्या परिभाषेपेक्षा अधिक अर्थवाही आहेत. कारण कच्चे मडके पक्के होण्यासाठी त्यास आच लागते, केवळ दिवस मोजून भागत नाही. कायद्याने तीस दिवसांची मुदत घातली ती सरावासाठी. व्यवहारात मात्र पुष्कळदा ती केवळ वाट पाहण्याची मुदत ठरते.

१९८९ च्या केंद्रीय नियमांनी शिकाऊ चालकास घातलेल्या अटी मननीय आहेत. त्याच्याजवळ परवानाधारक शिक्षक असला पाहिजे, आणि तोही गाडीवर ताबा मिळवू शकेल किंवा ती थांबवू शकेल अशा जागी बसलेला असला पाहिजे. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या भूमीवर तांबड्या रंगात ‘एल’ हे अक्षर असले पाहिजे. ती पाटी अठरा सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच असावे, इतका बारकावा नियमांत आहे. दुचाकीवर शिकणाऱ्याने शिक्षकाखेरीज अन्य कोणास मागे बसवू नये. या अटींचे तात्पर्य एकच : शिकणारा चुकणार हे कायद्याने गृहीत धरले आहे, आणि त्या चुकीची पूर्वसूचना रस्त्यावरील अपरिचितांस मिळावी अशी व्यवस्था केली आहे. या दृष्टीने ‘एल’ची पाटी लावण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; ती इतरांच्या क्षमाशीलतेला केलेली विनंती आहे.

शिकाऊ अनुज्ञप्तीपूर्वी जी प्राथमिक चाचणी होते तीत चार विषय येतात : वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, राखणदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची दक्षता, आणि गाडीसोबत बाळगावयाची कागदपत्रे. यांतील दुसरा विषय परीक्षार्थी सर्वांत घाईने वाचतो आणि आयुष्यात त्याचीच गरज सर्वांत तीव्रतेने पडते. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, हे उत्तर म्हणून पाठ करणे निराळे, आणि रात्रीच्या वेळी रस्त्यावर गाडी थांबवून ते आचरणे निराळे.

प्रत्यक्ष चालनाच्या परीक्षेची यादी १९३९ च्या यादीहून अधिक विस्तृत आहे. आरसा बसवून घेणे व यंत्र सुरू करण्यापूर्वीची दक्षता यांपासून तिचा आरंभ होतो. गाडी धक्का न बसता पुढे नेऊन क्रमाने वरच्या गिअरपर्यंत जाणे, गरज पडताच खालच्या गिअरमध्ये येणे, उतारावर खालच्या गिअरचा आधार घेणे, मार्गिका बदलताना इशारा देणे, मागे घेत अरुंद जागेत शिरणे ही तिची प्रमुख अंगे. त्यांत एक अंग असे आहे की जे या दोन तालुक्यांच्या परीक्षार्थ्यास विशेष कठीण पडावे : तीव्र चढावर गाडी थांबवून, हातब्रेकचा किंवा पायब्रेक व ॲक्सिलरेटरचा योग्य उपयोग करून, ती किंचितही मागे न घसरू देता पुन्हा पुढे नेणे. बारामती-इंदापूरचा बहुतेक मुलूख सपाट. ज्याने सारा सराव सपाटीवर केला, त्याच्या पायास क्लच व ॲक्सिलरेटर यांचा तोल सांभाळण्याची सवय नसते. आणि पुण्याहून सासवडमार्गे बारामतीस परतू लागला की दिवे घाटातील वाहनांच्या रांगेत तीच त्याची खरी परीक्षा होते. सपाट मुलखात या अंगाचा सराव करावयाचा तर कालव्याच्या पुलावर चढणारा रस्ता हाच काय तो चढ. ज्या कालव्याने या प्रदेशास ऊस दिला, त्यानेच त्यास चढही दिला, असे म्हणावे लागते.

दुचाकीच्या परीक्षेत आठच्या आकड्याचे महत्त्व मोठे. पाय न टेकता, वळणावर वेग तुटू न देता आठ पुरा करणे हे वरवर पाहता कसरतीसारखे वाटते. त्यातील मर्म असे की, दुचाकी वेगात असताना आपोआप तोल धरते. ती मंद गतीत सांभाळणे हेच कौशल्य. बाजाराच्या दिवशी गर्दीतून वाट काढणाऱ्यास याची प्रचीती येते. परीक्षेची तयारी करणाऱ्याने दृष्टी पुढच्या चाकावर न ठेवता जेथे जावयाचे त्या बाजूस ठेवावी, क्लच अर्धवट धरावा आणि मागच्या ब्रेकचा हलका आधार घ्यावा, ही शिक्षकांची परंपरागत शिकवण अनुभवाने सिद्ध झालेली आहे.

अनुत्तीर्ण होणाऱ्याविषयीही कायद्याने विचार केला आहे. त्यास सात दिवसांनंतर पुन्हा परीक्षेस बसता येते; तीन वेळा अपयश आल्यास मात्र साठ दिवस थांबावे लागते. ज्या परीक्षेत अपयशाची तरतूद इतक्या तपशिलाने केलेली आहे, ती नाममात्र असावी असा कायद्याचा हेतू खचित नव्हता.

(६) कार्यालयाचे अंतर

कोणत्याही परीक्षेचे स्वरूप ती कोठे होते यावरही अवलंबून असते. पुण्यापासून बारामती सुमारे शंभर किलोमीटर, आणि इंदापूर त्याहून दूर. जिल्ह्याच्या ठिकाणी एकच कार्यालय असताना परवान्यासाठी जाणे म्हणजे दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि शहरातील अनोळखी व्यवहार या तिन्हींना सामोरे जाणे होते. परिवहन कार्यालयांनी तालुक्याच्या गावी ठराविक दिवशी शिबिरे घेण्याची जी प्रथा पाडली, तिचे कारण हेच. तथापि शिबिराच्या एका दिवसात अर्जदारांची गर्दी आणि निरीक्षकाचा वेळ यांचा मेळ घालावयाचा असे. तेथे परिशिष्टातील प्रत्येक कलमाची कसोटी पाहिली जाणे दुष्कर. ‘काढणे’ हा शब्द रूढ होण्यास ही परिस्थिती पोषक ठरली असावी. जेथे मध्यस्थ अर्ज भरतो, रांग धरतो व तारीख आणून देतो, तेथे परीक्षार्थ्यास आपण अर्जदार आहोत असेच वाटते. आपण परीक्षार्थी आहोत ही जाणीव मागे पडते.

पुढे बारामती येथे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय झाले, आणि बारामती, इंदापूर व दौंड तालुक्यांच्या गाड्यांवर ‘एमएच १२’च्या ऐवजी ‘एमएच ४२’ हा क्रमांक दिसू लागला. बाहेरगावी गेलेल्या या भागातील माणसास आता पाटीवरून आपला मुलूख ओळखता येतो. याच बारामतीत पियाज्जो कंपनीच्या कारखान्यात तीनचाकी मालगाड्या तयार होऊ लागल्या. म्हणजे गाडी, तिचा क्रमांक आणि तिच्या चालकाचा परवाना ही तिन्ही एकाच गावी सिद्ध होऊ लागली. शंभर वर्षांपूर्वी जेथे मोटार हीच नवलाई होती, तेथील हा पालट लहान नव्हे.

२०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ अनुज्ञप्तीची चाचणी आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरबसल्या देता येऊ लागली. अंतराचा जुना प्रश्न अशा रीतीने अर्धा सुटला. परंतु त्यातून नवा प्रश्न निर्माण झाला : चिन्हे व नियम यांची उत्तरे पडद्यावर कोणी दिली हे पाहणारे डोळे आता समोर नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष चालनाच्या परीक्षेवरील भार पूर्वीपेक्षा वाढला आहे.

(७) परीक्षा कोणाची, आणि कशाची?

परवाना उपजीविकेचे साधन झाल्यावर त्याच्या अटी हा सामाजिक न्यायाचा विषय होणे अपरिहार्य होते. परिवहन वाहन चालविणाऱ्यास आठवी इयत्तेची अट नियमांत घालण्यात आली होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. चिन्हे वाचता येणे आणि अक्षरे वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा विचार त्यामागे होता. पूर्वीच्या क्लीनर-परंपरेतून आलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या चालकांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा होता. परंतु त्याबरोबरच प्रत्यक्ष परीक्षा अधिक काटेकोर झाली पाहिजे, हे ओघानेच येते. कारण शाळेच्या दाखल्याने जी खात्री दिली जात नव्हती, ती परीक्षेनेच द्यावयाची आहे.

दुसरा प्रश्न हलक्या मोटार वाहनाच्या परवान्याचा. साडेसात हजार किलोग्रॅमपर्यंतचे मालवाहू वाहन त्याच परवान्यावर चालविता येते की त्यासाठी निराळी नोंद लागते, याविषयी विमा कंपन्या व अपघातग्रस्त यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चालकांच्या बाजूने निर्णय दिला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तो कायम केला. ऊस, दूध आणि भाजीपाला लहान गाड्यांतून वाहणाऱ्या या प्रदेशात या निर्णयाचे महत्त्व सांगावयास नको. तथापि कायद्याने एका परवान्यात जे सामावले ते एका सरावात सामावत नाही. रिकामी मोटार आणि टनभर मालाने लादलेली गाडी यांचे थांबण्याचे अंतर सारखे नसते, आणि चालनाची परीक्षा सामान्यतः रिकाम्या गाडीवर होते.

तिसरा प्रश्न वयाचा. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास वा मालकास पंचवीस हजार रुपयांचा दंड व तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. ग्रामीण भागात वस्तीपासून महाविद्यालय दूर आणि एस्‌.टी.ची वेळ अडचणीची. सबब मुलाच्या हाती दुचाकी दिली जाते. ही अडचण खरी आहे. पण गळिताच्या हंगामात संध्याकाळी याच रस्त्यांवर दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी-मजुरांच्या बैलगाड्या आणि दुचाक्या एकाच वेळी चालत असतात. ट्रॉलीच्या मागे चकाकणारी पट्टी नसेल तर अंधारात ती दिसते ती अगदी समोर आल्यावर. अशा रस्त्यावर अर्धवट शिकलेल्या हाताची किंमत बहुधा दुसराच कोणी तरी मोजतो.

प्रशिक्षणाच्या बाजूनेही काही पावले पडली आहेत. पुण्यातील केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची कल्पना मांडली; हलक्या वाहनासाठी एकोणतीस तासांचा अभ्यासक्रम व त्यांतील एकवीस तास प्रत्यक्ष चालन असे तिचे स्वरूप आहे. स्त्रियांचा प्रवेश हे आणखी एक लक्षणीय स्थित्यंतर होय. वस्तादाच्या शाळेत स्त्रीस जागा नव्हती. क्लीनर म्हणून रात्री तळावर झोपणे तिला शक्यच नव्हते. रीतसर प्रशिक्षण व रीतसर परीक्षा यांनीच तिच्यासाठी हे दार उघडले, आणि २०२३ मध्ये राज्य परिवहनाची बस स्त्री-चालकाच्या हाती आलेली महाराष्ट्राने पाहिली.

(८) समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, या दोन तालुक्यांत मोटार प्रथम आली, चालनाचे कौशल्य तिच्यामागून आले, परवाना त्यानंतर आला आणि परीक्षा ही सर्वांच्या शेवटी, अजूनही पुरती न पोहोचलेली, अशी आली. इंग्लंडात परवाना व परीक्षा यांच्यामध्ये तीस-बत्तीस वर्षे गेली; येथे परीक्षा कायद्यात १९३९ पासून असूनही लोकव्यवहारात ती रुजण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागत आहे. याचे खापर केवळ लोकांच्या उदासीनतेवर फोडणे न्याय्य नाही. नगरातील रस्त्यासाठी रचलेली यादी, दूरचे कार्यालय, शिबिराची घाई आणि घरच्या घरी होणारे शिक्षण ही सर्व कारणे त्यास जबाबदार आहेत.

दरवर्षी आषाढी वारीच्या काळात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी व इंदापूर या मार्गाने पुढे जाते. त्या दिवसांत मोटारी थांबतात आणि रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. २०२१ च्या नोव्हेंबरात या पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला बसली, आणि वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पदपथाची योजना करण्यात आली. रस्ता प्रथम पायी चालणाऱ्याचा असतो, वाहन त्यावर नंतर येते, हा क्रम वारी दरवर्षी दाखवून देते. चालनाच्या परीक्षेचेही तात्पर्य याहून वेगळे नाही. यंत्रावर ताबा मिळविणे हा तिचा अर्धा भाग. आपल्या यंत्रापुढून कोण चालले आहे याचे भान ठेवणे हा उरलेला अर्धा. पहिला भाग वस्तादाकडूनही शिकता येतो. दुसऱ्यासाठीच त्रयस्थ परीक्षकाची आवश्यकता असते. ज्या दिवशी या भागातील तरुण परवाना ‘काढला’ असे न म्हणता परीक्षा ‘दिली’ असे म्हणू लागेल, त्या दिवशी १९३९ च्या परिशिष्टाचा हेतू या प्रदेशात सफल झाला असे मानावयास हरकत राहणार नाही.